सरकारी कान

सोलापूरहून मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागा. बेगमपूरला भीमेचा पूल ओलांडला की माचणूर. सिद्धेश्वराचं देऊळ, खाली नदीत उतरणारा घाट, शेजारी किल्ल्याच्या उरलेल्या भिंती. गाडी इथेच लावा, मोबाइल गाडीत ठेवा आणि 1695 सालच्या हिवाळ्यात उतरा. हिवाळ्यातच, कारण पावसाळ्यात ही भीमा छावणीचे हाल करते.

समोर दिसतं ते गाव नव्हे. तंबूंची राजधानी आहे. औरंगजेब याच वर्षी इथे मुक्कामाला आला, इथल्या ब्रह्मपुरीचं त्याने इस्लामपुरी केलं, आणि 1699 पर्यंत काबूलपासून कर्नाटकापर्यंतचा कारभार तो या नदीकाठावरून हाकणार आहे. म्हातारा बादशहा मंगळवेढ्याच्या माळावर बसून काबूलच्या सुभेदाराने काय केलं हे कसं ओळखतो, ते बघायला तुम्ही आला आहात. त्यासाठी डाकचौकीच्या दारोग्याकडे तुम्हाला हलकीसलकी नोकरी लावून दिली आहे. तोंड बंद ठेवा. तुमची मराठी ऐकून कुणीही शेजारच्या गावातला समजेल, त्यात काही बिघडत नाही.

धुळीतून एक हरकारा येतो. पायात फाटके जोडे, हातात बांबूची नळी. नळीत कागद, नळीच्या तोंडाला मोहोर. तो नळी ठेवतो, पाणी मागतो आणि सावलीत आडवा होतो. मोहोर तुम्ही फोडायची नाही. दारोगासुद्धा फोडत नाही, पाकीट तसंच वर जातं. इथला पहिला नियम हाच: बातमी वाहणाऱ्याला बातमी ठाऊक नसावी.

दुपारपर्यंत नळ्यांचा ढीग होतो, आणि मग लक्षात येतं की एकाच सुभ्यातून निरनिराळ्या माणसांचे कागद आलेत. वाकियानवीस हा उघड बातमीदार. सुभेदाराच्या कचेरीत त्याची बैठक असते, तो काय लिहितो हे सुभेदाराला माहीत असतं, कित्येकदा ते त्याला आधी वाचूनही दाखवलं जातं. म्हणून त्याच्यावर सवानिहनिगार. तो महत्त्वाच्या ठिकाणी नेमलेला आणि पहिल्याचं खरंखोटं पडताळणारा. या दोघांचंही सुभेदाराशी सूत जुळलं तर? त्यासाठी खुफियानवीस. तो त्याच गावात राहतो, पण तो कोण हे गावातल्या कुठल्याच अधिकाऱ्याला माहीत नसतं. कदाचित कापडाचा व्यापारी असेल, कदाचित मशिदीच्या दाराशी बसणारा असेल. शिवाय ऐकीव बातम्या तोंडी आणि लेखी पोचवणारे हरकारे आहेतच. एका घटनेची तीन-चार वर्णनं आली की बादशहाला घटना तर कळतेच, पण तिच्याबद्दल कोण खोटं बोलतंय हेही कळतं. मला विचाराल तर या खात्याची खरी करामत ही दुसरीच गोष्ट होती. शत्रूपेक्षा आपल्या माणसांवर नजर जास्त बारीक.

संध्याकाळी थांबा. मनुची नावाचा इटालियन वैद्य याच काळात हिंदुस्थानात वावरत होता. त्याने लिहून ठेवलंय की हे कागद रात्री नऊच्या सुमाराला महालातल्या स्त्रिया बादशहाला वाचून दाखवत. सबंध साम्राज्याच्या कानगोष्टी झोपण्यापूर्वी एकदा ऐकायच्या. या हिवाळ्यात त्यातली एक बातमी बादशहाची झोप उडवणारी आहे. नोव्हेंबरात कर्नाटकात दोड्डेरीला संताजी घोरपड्यांनी कासीमखानाला कोंडून त्याच्या फौजेची धूळधाण केली. कासीमखान तिथेच संपला. जानेवारीत हिम्मतखानाचाही तोच शेवट होणार आहे, पण ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. सांगू नका. अशी बातमी आणणाऱ्याला इनाम मिळत नाही.

एवढी चौफेर यंत्रणा, आणि तरी संताजी पुढे कुठे उगवणार हे तिला वेळेवर कळत नाही. उलट मराठ्यांच्या बातमीदारांनी मागे ठेवलेले कागद हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. बहिर्जी नाईकांचंच घ्या. सभासदाच्या बखरीत सुरतेची खबर आणणारा जासूद म्हणून बहिर्जी येतात. पोवाडे, नाटकं आणि कादंबऱ्यांतले बहिर्जी त्याच्या शंभरपट मोठे. मोगलांचं याच्या अगदी उलट. छावणीत राजपूत राजांचे वकील बसलेले असतात, आणि दरबारात आज काय घडलं, कुणाला काय मिळालं, कुठून काय खबर आली याची रोजची टिपणं ते आपल्या धन्याला धाडतात. सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या बादशहावर त्याचेच मांडलिक उघडउघड नजर ठेवून. या टिपणांच्या, म्हणजे अखबारांच्या, चिठोऱ्या पुढे जयपूरच्या दप्तरात आणि लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत सापडल्या, जदुनाथ सरकारांनी त्यांवर आपला इतिहास उभा केला आणि सेतुमाधवराव पगडींनी त्या ‘मोगल दरबारची बातमीपत्रे’ म्हणून मराठीत आणल्या. मराठ्यांच्या धावपळीची पुष्कळशी रोजनिशी आज आपण शत्रूच्या दरबारातल्या कागदांतून वाचतो.

चला, नळी खाली ठेवा. सोलापुरात जायचंय.

वाटेतली दोनशे पस्तीस वर्षं भराभर ओलांडू. पेशवाई बुडते. कंपनी सरकार ठगांचा माग काढायला 1830 च्या दशकात खातं उघडतं, त्याच खात्याच्या कुशीत 1887 साली मध्यवर्ती स्पेशल ब्रँच जन्मते. कारण सरळ आहे: काँग्रेस नुकतीच स्थापन झालीय आणि ठगांची भीती आता उरलेली नाही. 1904 मध्ये कर्झनच्या काळात तिचं क्रिमिनल इंटेलिजन्स डिपार्टमेंट होतं, हॅरॉल्ड स्टुअर्ट पहिला प्रमुख. प्रांतोप्रांती सीआयडी निघते, मुंबई इलाख्याची पुण्याला. 1920 मध्ये दिल्लीतल्या खात्याचं नाव इंटेलिजन्स ब्यूरो पडतं. आज जी आयबी आहे ती हीच. तुम्ही उतरता तेव्हा तिचा संचालक डेव्हिड पेट्री आहे. दुसऱ्या महायुद्धात हाच गृहस्थ लंडनला जाऊन एमआय फाइव्हचा प्रमुख होणार आहे.

मे 1930. सोलापूर.

उन्हाने डोकं फुटायची वेळ. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू यांच्या भोंग्यांवर गाव उठतं, जेवतं, झोपतं. एप्रिलमध्येच नगरपालिकेवर तिरंगा चढलाय. तुमच्या अंगावर आता साधं धोतर, बंद गळ्याचा कोट, काखेत वही. तुम्ही पोलीस खात्याचे मराठी लघुलेखक आहात. सभेला गणवेशातला हवालदार वेगळा, साध्या कपड्यातला वेगळा आणि तुम्ही वेगळे. गंमत म्हणजे तुम्ही लपलेले नाही. तुम्ही कोण, कशाला आलात, हे सगळ्या सभेला ठाऊक आहे. व्यासपीठाजवळ जागा करून देतात, एखादा कार्यकर्ता कंदीलही जवळ सरकवतो.

“लिहा साहेब, नीट लिहा,” तो म्हणतो. “एक अक्षर गाळू नका. शिक्षा झाली तर बरोब्बर बोललो त्याचीच व्हावी.”

मागून कुणीतरी, “अहो, त्यांना पान द्या रे!”

हशा पिकतो. तुम्हीही हसता आणि पेन्सिल चालू ठेवता. मराठी भाषण झालं की तेलुगूत एकजण बोलायला उठतो, कारण समोर निम्मे पद्मशाली विणकर बसलेत. मग कन्नड. मग दखनी उर्दू. तुमची पेन्सिल थबकते. शेजारच्या साध्या कपड्यातल्या शिपायाला तुम्ही विचारता, काय म्हणाला तो? शिपाई म्हणतो, “तेच की ओ साहेब, मघाचंच.” मघाचंच नव्हतं. सभेतला सगळ्यात मोठा गजर त्याच वाक्याला झाला होता. तुम्ही लिहिता: तेलुगूतही भाषण झाले, आशय वरीलप्रमाणे.

या वहीचा प्रवास बघा. रात्री चिमणीच्या उजेडात तुम्ही उतारा काढता. सकाळी तो जिल्हा पोलीस सुपरिंटेंडेंटच्या टेबलावर, इंग्रजीत आणि निम्म्या लांबीचा. तिथून पुण्याला सीआयडीकडे. तिथे सगळ्या जिल्ह्यांचं मिळून दर आठवड्याचं गोपनीय अ‍ॅबस्ट्रॅक्ट निघतं, त्यात सोलापूरच्या वाट्याला एखादा परिच्छेद. तो मुंबईला सचिवालयात जातो. तिथून पंधरवड्यातून एकदा भारत सरकारच्या गृहखात्याला अहवाल जातो, त्यात सोलापूरला एखादी ओळ, तीही काही घडलं असेल तर. मे महिन्यात भारत सरकार सिमल्याच्या थंडीत असतं. तिथला अधिकारी वाचतो तेव्हा कंदील, पान, गजर सगळं गळून गेलेलं असतं. वक्त्याचं नाव, गर्दीचा आकडा आणि सूर ‘प्रक्षोभक’ होता की ‘मवाळ’, एवढं उरतं.

पोस्टातलं काम याहून गुपचूप. 1898 च्या पोस्ट कायद्याचं सव्विसावं कलम सरकारला पत्रं अडवायची मुभा देतं, 1885 चा टेलिग्राफ कायदा तारांसाठी तीच. मागच्या खोलीत किटलीला वाफ आलीय. पाकिटाची गोंद लावलेली कड वाफेवर धरायची, घाई करायची नाही, पातळ हाडकाची पट्टी आत सरकवायची. पत्राची घडी जशी होती तशीच परत पडली पाहिजे. नक्कल उतरवून झाली की नवा गोंद, अगदी थोडा. जास्त झाला की कडेने चमकतो, आणि अनुभवी माणूस पाकीट हातात घेताच उजेडाकडे धरतो. याशिवाय एका निराळ्या फंडातून बातमीदारांना पैसे मिळतात. त्यांची नावं फाइलवर येत नाहीत. ‘विश्वसनीय सूत्रांकडून कळते’ एवढंच येतं, आणि ते सूत्र म्हणजे कधी खरोखर आतला माणूस असतो, तर कधी उधारी थकलेला चहावाला.

4 मेच्या रात्री कराडीला गांधीजींना अटक होते. दुसऱ्या दिवशी बातमी सोलापुरात पोचते, गिरण्या ओस पडतात, हरताळ, मिरवणुका. तुमची वही भरते. 8 तारखेला रूपाभवानीकडच्या शिंदीची झाडं तोडल्याबद्दल धरपकड होते, लोक जमतात, कलेक्टर नाईट फौजफाट्यासह येतो, गोळीबार होतो. झेंडा घेऊन पुढे आलेला शंकर शिवदारे हा तरुण पडतो. सोलापुरात आजही सांगतात की जमाव कलेक्टरच्या अंगावर गेला तेव्हा मल्लप्पा धनशेट्टींनी मध्ये पडून त्याला वाचवलं. गोळीबाराची खबर पेठांतून फिरली आणि गाव पेटलं. मंगळवार पेठेची पोलीस चौकी, न्यायालय, सगळीकडे जाळ. पोलीस मारले गेले. संध्याकाळी उरलेले पोलीस शहरातून काढून घेतले, गोऱ्या कुटुंबांना स्टेशनकडे हलवलं.

तुम्ही कुठे आहात? वही कोटात खुपसून, टोपी काढून, बाळीवेशीजवळ एका ओट्यावर उकिडवे बसला आहात. चार दिवस या गावात सरकार नाही. चौकाचौकांत काँग्रेसचे स्वयंसेवक टांगे आणि बैलगाड्या मार्गी लावताहेत. तुमच्या वहीला आता वाचक नाही. महिनाभर या गावातलं प्रत्येक भाषण सरकारने टिपून घेतलं होतं, आणि सरकारला पळायची वेळ आली तेव्हा त्या टिपणांचा काही उपयोग झाला नाही. माझ्या मते याचं कारण बातमी कमी पडली हे नव्हे. बातमी भाषणाची होती, आणि गावातला राग व्यासपीठावर नव्हताच. तो गिरणीच्या खात्यात होता, तेलुगूत होता, ‘आशय वरीलप्रमाणे’च्या पोटात होता.

12 मेला मार्शल लॉ पुकारला, 15 ला व्हाइसरॉयचा वटहुकूम निघाला. लष्कर रस्त्यावर. आता बातमी काढायला पेन्सिल लागत नाही: डोक्यावर गांधी टोपी दिसली की माणूस गुन्हेगार. झेंड्यासाठी कैद, टोपीसाठी मार. 30 जूनपर्यंत हे चाललं. मग खटले. मल्लप्पा धनशेट्टी, ‘गझनफर’चे संपादक कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यावर पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवला, अपिलं फेटाळली, आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांनाही फाशी दिलं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यासमोरून तुम्ही शंभरदा गेला असाल. चार नावं मोठ्याने वाचा: एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. पुण्याच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये समाजाप्रमाणे वेगळे रकाने असत.

आता थोडं आडवाटेला, उमेदपूरच्या सेटलमेंटला. याला हेरगिरी म्हणावं का? नाव काहीही द्या. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणाआड आणून वसवलं. कुणाच्या पाळतीवर माणूस ठेवावा लागत नाही, कारण प्रत्येकाने स्वतःच येऊन हजेरी द्यायची. रांगेत उभे राहा. पुढचा म्हातारा नाव सांगतो, वहीत खूण होते, तो परत जातो. पलीकडे गिरणीत काम आहे, पण जायला पास लागतो. ओ. एच. बी. स्टार्ट हा या वसाहतींचा अधिकारी सुधारणेच्या गोष्टी मनापासून बोलतो, आणि तार काढत नाही. कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. हजेरी देत मोठ्या झालेल्या माणसांची पिढी त्यानंतरही सोलापुरात पोलीस दिसला की आपसूक उभी राहायची.

सप्टेंबर 1948. पुन्हा सोलापूर, पण आता सरकार आपलं. स्टेशनात लष्करी गाड्या, माळावर रणगाडे. मेजर जनरल चौधरींची आर्मर्ड डिव्हिजन इथून निजामाच्या राज्यात घुसणार आहे. हद्द जवळच. पलीकडून रझाकारांच्या जाचाने आलेले लोक वर्षभर इथे उतरताहेत, आणि त्यांच्याइतका चांगला बातमीदार कुठल्याही खात्याला मिळाला नसता. कुठल्या गावात ठाणं, कुणाच्या वाड्यात बंदुका, कुठल्या ओढ्याला उतार. एखादी आजी नातवाला मांडीवर घेऊन अधिकाऱ्याला सांगते, “नळदुर्गचा पूल हाय न्हवं बाबा, त्येच्यावरनंच जावं लागतंय, दुसरी वाट न्हाई.” अधिकाऱ्याच्या नकाशातही तेच आहे, तो मान डोलावतो. 13 तारखेला पहाटे बोरी नदीवरचा तो पूल शाबूत हाती लागला आणि पाच दिवसांत मामला आटोपला.

दिल्लीत तेव्हा आयबीवर टी. जी. संजीवी पिल्ले, पहिले भारतीय संचालक. जाता जाता इंग्रजांनी पुष्कळ गुप्त कागद जाळले, पण मुंबई इलाख्याचे सगळे नाही जळले. नव्या सरकारने तेच उघडले आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस स्वातंत्र्य चळवळीच्या साधनांचे खंड काढले. त्यातला टिळकांचा खंड वाचताना क्षणभर विसरायला होतं की हे सगळं पोलिसांनी लिहिलंय. 1982 मध्ये महाराष्ट्र शासनाने डॉ. आंबेडकरांच्या चळवळीची साधनं छापली, त्यातही गोपनीय अ‍ॅबस्ट्रॅक्टचे उतारे आहेत: कोण बोललं, किती लोक होते, ठराव कुठले झाले. ज्या सभांना एकही वार्ताहर फिरकला नाही, तिथे सरकारी पेन्सिल हजर होती. कंदील सरकवणाऱ्या कार्यकर्त्याला हे कळलं असतं तर त्याने पान जास्त दिलं असतं.

परत या. मोबाइल घ्या. आजच्या सोलापुरात, पूनम गेटला.

कुठल्यातरी संघटनेचं धरणं चालू आहे. झाडाखाली साध्या शर्टातला एक माणूस मोबाइल खाली धरून फोटो घेतोय. तो पोलीस ठाण्याचा गोपनीय अंमलदार. दुसरा जिल्हा विशेष शाखेचा, तिसरा राज्य गुप्तवार्ता विभागाचा. तिघे एकमेकांना ओळखतात, तिघांचे अहवाल निरनिराळ्या साहेबांकडे जातात. औरंगजेबाला ही मांडणी पाहून आनंद झाला असता. फक्त खुफियानवीस कोण ते इथेही कुणी सांगणार नाही. यांच्या कामात थरार फारसा नाही: पासपोर्टची चौकशी, आषाढीला पंढरपुरात किती दिंड्या, गड्ड्याच्या यात्रेत कुठे चेंगराचेंगरीची भीती, उद्याच्या मोर्चाला किती माणसं.

“अंदाजे किती लिहू ओ?” एकजण तुम्हालाच विचारतो.

“दोनशे?”

“दोनशे न्हाईत. दीडशे टाकतो. साहेबांनी सकाळीच शंभर सांगितलेत वर.”

तो टाइप करतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून देतो. त्या अहवालाची प्रत मागायला माहिती अधिकारात अर्ज टाकून बघा. आयबी आणि 1968 मध्ये तिच्यातून वेगळी काढलेली रॉ या दोन्ही संस्था 2005 च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप सोडले तर त्यांना उत्तर द्यायचं बंधन नाही. राज्यांनाही आपापल्या गुप्तचर संस्थांना अशी सूट देता येते. या दोन संस्था स्थापन करणारा संसदेचा कायदाच नाही. 1930 च्या मे महिन्यात सिमल्याला काय कळलं होतं ते तुम्हाला दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, होम पोलिटिकलच्या फाइलींत वाचता येतं, पुष्कळशा तर घरबसल्या संगणकावर. आज पूनम गेटला तुमचा फोटो कुणी काढला, तो कुठल्या गटावर गेला आणि त्याखाली काय लिहिलं, ते वाचायला मिळत नाही.

धरणं सुटतं. माइकवरचा शेवटचा वक्ता तेलुगूत बोलतोय, आणि गोपनीय अंमलदार आपल्या मोटारसायकलकडे निघालाय.